खरवडायची राहून गेलेली ‘ली’

सकाळी लक्सरहून नाईल ओलांडताना नावेत माझ्या मागे खोदकामावरचे म्हातारे मुकादम बस्तावी आणि त्यांची बहीण नगात बसले होते.

“दादा, गुडघे गेले तुझे. मुकादमाची काठी आता कुणाला देणार?”

“थांब गं. काल देवळातली भिंत पुसत होतो, हत्शेप्सुत राणीची.”

“ती दाढी लावून राजा म्हणवून घ्यायची, तीच ना? नंतरच्यांनी नाव खरवडलं तिचं.”

“नाव खरवडलं, मूर्ती फोडल्या. पण जुनी लिपी वाचणाऱ्या आमच्या खोदकामावरच्या बाईंनी तिथली एक ओळ वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. ‘राजा आला’ नाही गं, ‘राजा आली’ असं कोरलंय! नाव काढलं, पण ती ‘ली’ काढायची राहूनच गेली.”

“साडेतीन हजार वर्षं?”

“तशीच आहे. बोट लावायची हिंमत होईना माझी.”

“बरं, पण काठी?”

“माझ्या लेकीला, विसालला.”

“पोरीला? अरे, गडी हसतील! तिला म्हणायचं तरी काय, मुकादमीण?”

“मुकादमच म्हणायचं. अहो नावाडी, उद्या माझ्यासाठी थांबू नका. मुकादम येतेय.”