खटक्यावरचं लाल कुलूप

काढलं की नाही? काढलं असेल... नसेल! तुम्हाला सांगते, रात्रभर एवढाच एक प्रश्न! चार वर्षांची नेली माझ्या पोटावर पाय टाकून गाढ झोपलेली आणि मी छताकडे बघत एका कुलपाची आठवण काढतेय. इतकी आठवण मी तिच्या बापाचीसुद्धा कधी काढली नाही!

कुलूप घराचं नव्हे हो, कामावरचं. वायरीला हात लावायचा तर आधी पॅनलमधला खटका पाडायचा, त्याला आपलं स्वतःचं लाल कुलूप घालायचं, त्यावर आपला फोटो (माझा म्हणजे पोलिसांना हवी असलेली बाई!) आणि किल्ली आपल्या खिशात. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. कारण कुलूप आहे याचा अर्थ तो माणूस आत कुठेतरी वायरींत हात घालून बसलाय. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि माझं चालू आहे दुसरं वर्ष!

पण आईला सांगायला जा. "शिकता शिकता पगार मिळतो ना? मग झालं!" युनियनतर्फे इलेक्ट्रिशियनची पाच वर्षांची उमेदवारी, दिवसभर साईट, संध्याकाळी युनियनची शाळा, बोटांना चिरा, आणि इतिहासाची पदवी घेतलेली ही बाई रोज चौदा माणसांच्या कॉफीची यादी पाठ करतेय... "पण शिकता शिकता पगार मिळतो ना!" अगं आई, झोप मिळत नाही, झोप!

त्यात आमचा फोरमन, ग्रॅबोव्स्की. टक्कल, आणि त्याखाली नुसता आवाज. मला हाक कायम आडनावाने. "व्हेलन! हा पाईप वाकवलायस की मुरगळलायस?" "व्हेलन! टेप कुठून धरायची ते पदवीत नव्हतं वाटतं?" घरी आलं तरी सुटका नाही, उद्याच्या कॉफीत काय बदल आहे ते सांगायला याचा फोन! उशिरा आले म्हणून दोन ताकिदी त्याने आधीच माझ्या नावावर चढवलेल्या. तिसरी म्हणजे थेट युनियनच्या समितीपुढे, आणि समितीपुढे गेलेलं दुसऱ्या वर्षाचं पोर परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मग आम्ही दोघी खाणार काय, इतिहास?

तर परवा पाळणाघरातून फोन, "नेलीला उलटी झालीय, लगेच या." पळाले. सुटायची वेळ झालीच होती, कुणाला न सांगता पळाले. संध्याकाळी फोन वाजला, ग्रॅबोव्स्की! म्हटलं, गेली तुझी कॉफी खड्ड्यात, आणि फोन गप्प करून पालथा घातला. झोपताना बघते तर नऊ वेळा येऊन गेलेला! नऊ! कॉफीसाठी कोण नऊ वेळा करतं? खिशात किल्ली, पट्ट्याला एरवी अडकवलेलं कुलूप नाही... परत फोन करायला हवा होता, कळतंय हो मला. नाही झाली हिंमत.

सकाळी क्लीव्हलंडचा तो सरोवरावरचा वारा खात पोचले, तर आठव्या मजल्यावर अंधार, रंगारी, सुतार सगळे हात बांधून उभे, आणि खटक्यावर मी! लाल! "फोटो छान आलाय गं!" एक सुतार म्हणाला. मी कुलूप काढलं. मागून ग्रॅबोव्स्की आला, हातात कागद. मी डोळे मिटले. त्याने तोंड उघडलं... आणि नुसतं खर्र! आवाजच नाही! म्हटलं, संतापाने वाचा गेली की काय?

तेवढ्यात युनियनच्या रोझलिनने मला बाजूला ओढलं. "मूर्ख मुली, फोन का उचलला नाहीस? काल चौदा मजले चढला तो. जिन्याने, टॉर्च घेऊन. तीन वेळा! छतात डोकं घालून, लिफ्टच्या खड्ड्यांत वाकून, टेस, टेस म्हणून ओरडत. शेवटी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने दिवसाच्याला फोन लावला, तो म्हणाला, ती तर चारलाच गाडीकडे पळाली. तेव्हा जिन्यातच बसला तो. साठीचा माणूस आहे गं."

टेस? याला माझं नाव माहीत होतं?

मग त्याने तो कागद माझ्या हातात दिला. तिसरी ताकीद. वर माझं नाव, गुन्हा, तारीख, सगळं व्यवस्थित. खाली सही नाही. उलटून बघितलं तर मागे कॉफीची यादी! बोलता येईना म्हणून लिहिलेली. शेवटी, "मला चहा. मध घालून."

आता मला सांगा, मी करायचं काय? या माणसाचा राग राग करत मी दीड वर्ष काढलं! आणखी साडेतीन उरलीत, ती कशाच्या जोरावर काढू? आईला फोन केला, तर "शिकता शिकता पगार..." ठेवून दिला.

रात्री जेवताना नेलीला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या आईला एका आजोबांनी अंधारात सगळ्या बिल्डिंगभर शोधलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या... नेलीने मॅकरोनीचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाली,

"मग? सापडलीस का?"