नाडी सापडंना

...अन् ह्या माणसाची बोटं कुठं, तर माझ्या जांघंपाशी! वर म्हणायलाय काय, ‘नाडी सिगवल्दु, नाडी सिगवल्दु!’ म्हंजे नाडी सापडंना. अरे, सापडंल कशी? परकराची नाडी मी आधीच दोन गाठी मारून आत खोचून ठेवलेली! तुम्हाला सांगते, असा हात झटकला त्याचा, की चष्मा खाली! डाक्टर असंल आपल्या घरचा. आता ह्यात माझं काय चुकलं?

हुमनाबादच्या नाक्यावर लॉरीनं उडवलं मला. खुब्याची वाटी फुटली. वाटी! घरात पितळंची वाटी पडली तर मी गल्ली गोळा करते, अन् इथं अंगातली फुटली तर आजूबाजूला वळखीचं एक माणूस न्हाई! गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आणलं, हाडावर लोखंडी पट्टी बसवली, स्क्रू पिळले. दुसऱ्या दिवशी पाय थंडगार, पांढराफट. मला वाटलं, पंख्याचं वारं. ओढली चादर. सांगणार कुणाला? शेजारच्या खाटंवर सुभद्राबाई, हिचा नुसता घोटा मोडलाय, तर भोवती अकरा माणसं! सून डोकं चेपायलीय, जावई मोसंबी सोलायलाय. माझे मालक जाऊन सहा वर्सं झाली. लेक व्यंकट पुण्याला कारखान्यात. त्याचा निरोप आला, ‘रजा मिळंना, काळजी घे.’ घेते बाबा! मीच घेणार, दुसरं कोण हाय?

तर चष्मा पडला, अन् नर्स नागव्वा हसून हसून भिंतीला टेकली. “अक्का, परकराची न्हाई वो, पायाची नाडी, ती जांघंत लागती! नसंत रगताची गुठळी अडकलीय, खाली रगतच जाईना!” आता पायाला बी नाडी असती, हे चौथीपर्यंत मला कोणत्या मास्तरानं सांगितलं? ह्यात माझं काय चुकलं?

डाक्टर शिवशंकरप्पा मात्र हसंना. चष्मा पुसत म्हणला, “आत्ताच्या आत्ता गुठळी काढावी लागंल. न्हाई तर पाय कापावा लागंल. घरचं कोण हाय? सही पायजे.”

घरचं कोण हाय... सुभद्राबाईची अकराच्या अकरा माणसं माझ्याकडं बघायली! जावयाच्या हातातली मोसंबी तशीच. असं बघायली, जसं मी काय चोरून आणलंय!

म्हटलं, “मी हाय घरची! आणा कागद!” केली सही. अक्षर जरा वाकडं आलं... थंडी होती हो!

काढली गुठळी. मग तासातासाला डाक्टर यायचा, माझ्या पावलावर दोन बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा. मी बी श्वास धरायची. “लागती, अक्का, लागती!” तुम्हाला सांगते, मालक गेल्यापासून माझी एवढी चौकशी कुणी केली न्हाई. मी घड्याळाकडंच बघत बसायची. ह्यात काय चुकलं?

पण परवापासून येईना! काल खाटंजवळनं जाताना पकडला. “डाक्टर, नाडी बघायची न्हाई का?”

“अक्का, घोड्यावानी पळायलीय. आता काय बघायचं?”

“मग ह्या दुसऱ्या पायाची तरी बघा की जरा. ह्याची अजून कुणी बघितलीच न्हाई.”

हसला... अन् गेला सुभद्राबाईच्या खाटंकडं.

बरं व्हायची एवढी घाई कामून केली मी, काय की!