काजळीखालची बाई

परळच्या प्रसूतिगृहात कालिंदीबाई आत तपासणीला गेलेल्या सुनेची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर एक गरोदर मुलगी नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती.

“दर्शना, बीपी वाढलंय, पडून राहा म्हणाल्या ना डॉक्टर? मग देऊन टाक राजीनामा.”

“पडून राहा म्हणाल्या, स्वप्नील. नोकरी सोडा, असं नाही म्हणाल्या.”

“पण म्युझियमचे साहेबच मागतायत ना?”

“मागू देत. गरोदरपणात आजारी पडलं तर जादा रजा मिळते. कायदा आहे तसा. बाळंतपणाची वेगळी.”

“अशा दिवसांत भांडत बसणारेस?”

“अरे, मी साफ करतेय त्या जुन्या चित्रातल्या बाईचा एकच डोळा झालाय. दुसरा अजून काजळीत आहे.”

“करेल की दुसरं कुणीतरी.”

“म्हणून तर झोप लागत नाही मला.”

आतून सुनेनं हाक मारली. कालिंदीबाई जागच्या हलल्या नाहीत.

“बरं, साहेबांना मेल टाइप करतो. ‘मी राजीनामा देणार नाही’, इथून सुरुवात करू?”

“नको. ‘मी परत येणार आहे’, इथून कर.”