एकेचाळिसाव्या पानावरची आई

…आणि वर म्हणतात काय, तर 'पुस्तक तसं तयारच आहे हो, फक्त लिहायचं राहिलंय!' आता तुम्हीच सांगा, गवंड्याला असं कुणी म्हणतं का, की घर तयारच आहे बाबा, तू फक्त बांध? शिंप्याला म्हणतं का, शर्ट झालेलाच आहे, शिवायचा तेवढा राहिलाय? नाही ना? पण आमच्या लेखकरावांना म्हणतात. सगळे म्हणतात. आणि लेखकराव ऐकून घेतात, कारण त्यांचा धंदाच मुळी ऐकून घ्यायचा. दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून देतात ते. घोस्टरायटर म्हणतात त्याला. म्हणजे भूत! अहो, पण भुताला निदान लोक घाबरतात, त्याच्या नावानं दाराला कडी घालतात. यांच्या येण्यानं कुणाचा पडदासुद्धा हलत नाही.

एकोणीस पुस्तकं लिहिली माणसानं, तुम्हाला सांगतो. हृदयाच्या डॉक्टरांचं लिहिलं, फुटबॉलच्या प्रशिक्षकांचं लिहिलं, तीन हॉटेलं चालवणाऱ्या एका बाईंचं लिहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं 'मी', 'मी', 'मी'. आणि नाव? नावाचं राहू द्या.

राहायचं कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली ड्रायक्लीनरचं दुकान, त्याची वाफ जिन्यातून वर येते, त्यामुळे लेखकरावांच्या कागदांना कायम धुतलेल्या कोटाचा वास. वय बावन्न. लग्न नाही. म्हणजे कागदावर अकरा वेळा झालं, त्यातले दोन प्रेमविवाह, पण खरं म्हणाल तर नाही. जेवायला बसले की समोर टेप लावायची, टेपवर त्या-त्या गिऱ्हाइकाचा आवाज, आणि हे आपले घास घेत घेत त्याला उत्तरं देतात… 'हो का?' 'मग पुढं?' 'अरेरे, फार वाईट झालं हो.' ड्रायक्लीनर एकदा कौतुकानं म्हणाला, तुमच्याकडे बाकी रोज पाहुणे असतात हं, आमच्याकडे चिटपाखरू येत नाही. लेखकराव म्हणाले, हो, असतात.

एकदा तर कहर झाला. पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस दुखतोय? हे म्हणाले, सत्तावीस वर्षं. उपांत्य सामन्यात मागून लाथ बसली होती. बाईंनी खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं, आणि तेव्हा कुठे यांच्या ध्यानात आलं की तो गुडघा फुटबॉलच्या प्रशिक्षकांचा! स्वतःचा पाय जिन्यावर मुरगळला होता, मंगळवारी. पण हे सांगायचं कसं? निमूट सत्तावीस वर्षांच्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन घरी आले.

खरं बोलायला म्हणून एकच माणूस होतं, ताई. त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावी राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला. दर रविवारी सकाळी तिचा फोन. जेवतोस का, खिडक्या पुसल्यास का, आणि शेवटी न चुकता, स्वतःचं काही लिहितोस की नाही? हे म्हणायचे, लिहितोय की. बस, आठवड्याचं बोलणं संपलं.

तर विसावं गिऱ्हाईक आलं ते पाइपवाले साहेब. वय एकाहत्तर, पाइपांचा मोठा कारखाना, आता सगळं मुलगी बघते, आणि साहेब दिवसभर एका प्रशस्त ऑफिसात काचेच्या कपाटातले नमुन्याचे पाइप पुसत बसतात. बावीस बैठका झाल्या, बावीस! साहेबांना काय आठवतं, तर व्यास. कुठल्या साली चार इंची काढला, कुठल्या साली सहा इंची, कुठला पाइप कुठल्या धरणाला गेला. लग्नाचं विचारलं तर म्हणाले, त्याच वर्षी आपण आठ इंची सुरू केला.

शेवटी लेखकरावांनी विचारलं, साहेब, आई कशी होती?

चांगली होती, म्हणाले.

चांगली म्हणजे?

आई असते तशी.

 साहेबांच्या हातात पाइपाचा एक कोपऱ्याचा जोड होता, तो फडक्यानं पुसत राहिले, पुसत राहिले, चकचकीत होऊनसुद्धा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "सहाव्या वर्षी वसतिगृहात टाकलं हो मला. नवव्या वर्षी ती गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो आठवतो, चेहरा नाही. तुम्ही बघा काही करून."

तुम्ही बघा काही करून! दुसऱ्याच्या आईचं काय करून बघणार माणूस?

तरी चार ओळी लिहिल्या, की मायाळू होती, कष्टाळू होती. पण मध्ये एक मधला माणूस असतो या धंद्यात. गिऱ्हाईक आणणारा, छापून घेणारा, सतत घाईत असणारा. त्याचा फोन. "लेखकराव, पाइप झकास उतरलेत, पण बालपण कोरडं आहे. थोडा ओलावा आणा. लोक आईसाठी पुस्तक घेतात, पाइपसाठी नाही." आणि ठेवला फोन.

आता ओलावा आणायचा कुठून? नळाला येतो का?

दोन दिवस लेखकराव कागदासमोर बसले. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःची आई दिली.

हो, तुम्हाला सांगतो, अख्खी दिली. त्यांची आई कपड्यांच्या कारखान्यातून काम घरी आणून शर्टांना बटणं लावायची. वाण्याकडून साखर-डाळ ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधून यायची ते तुकडे ती सरळ करून ठेवायची, आणि संध्याकाळी दोन्ही पोरांना जवळ घेऊन त्यातलं वाचून दाखवायची. एक जहाज, त्याचा कप्तान आंधळा, पण त्याला वाऱ्याच्या वासावरून किनारा कळायचा… तुकडा फाटलेला, त्यामुळे गोष्ट अर्धीच. मग ती विचारायची, पुढं काय झालं असेल रे? आणि धाकट्यानं पुढचं सांगायचं. असा हा लेखक झाला. पुढे दुसरीत गेल्यावर वाचता यायला लागलं आणि एका संध्याकाळी आईच्या खांद्यावरून त्यानं त्या तुकड्यात डोकावलं. त्यात जहाज नव्हतं. त्यात लिहिलं होतं, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवण्यात येत आहेत.

आईला वाचताच येत नव्हतं.

पोरगा धावत ताईकडे गेला. ताईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिला आधीच माहीत होतं. कुणाला सांगायचं नाही, म्हणाली. आईलासुद्धा नाही. शप्पथ. आणि दोघांनी ती शप्पथ आई असेपर्यंत पाळली, आई गेल्यावरही पाळली. पंचेचाळीस वर्षं! ती गोष्ट गेली पाइपांच्या पुस्तकात. 'मजबूत जोड', पान एकेचाळीस. आणि लेखकाचं नाव? राहू द्या म्हटलं ना.

खर्डा साहेबांकडे धाडताना लेखकरावांना वाटलं, साहेब चिडतील, हे कुठलं काय घुसडलंत म्हणतील, मग आपण काढून टाकू. साहेबांचा दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी बोलावलं. डोळे सुजलेले. म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

लेखकराव ते पान काढून घ्यायला पुढं झाले, तर साहेबच म्हणाले,

"असंच होतं. अगदी असंच. मला आठवलं सगळं. तिच्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या, कागदावर किणकिण वाजायच्या. ते घाला त्यात."

आता बांगड्या लेखकरावांच्या आईच्या हातात कधीच नव्हत्या, बटणं लावताना दोऱ्यात अडकतात म्हणून. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नुकती आई सापडलेली. तिच्या हातातल्या बांगड्या काढून घ्यायच्या? कुणी काढाव्यात? घातल्या त्यांनी.

पुस्तकाचा समारंभ झाला. मोठं सभागृह, गर्दी, आणि लेखकराव नवव्या रांगेत, खांबामागे. साहेबांनी पान एकेचाळीस वाचायला घेतलं आणि टाकीच्या निविदेपर्यंत आले तो आवाज फुटला. सभागृहात एकेक रुमाल निघायला लागला. लेखकरावांचंही तोंड वाकडं झालं, काही केल्या आवरेना. शेजारच्या बाई भल्या होत्या, त्यांनी आपला रुमाल पुढं केला. म्हणाल्या, "तुमचीही आई अशीच होती का हो?"

लेखकराव म्हणाले, "नाही. आमची साधीच होती."

आणि रुमाल घेऊन नाक पुसलं.

इथवर ठीक होतं, तुम्हाला सांगतो. यातनं माणूस निभावतो. पण ताईच्या शेजारणीनं ते पुस्तक आणलं आणि हे बघा, किती छान आहे म्हणून ताईला वाचायला दिलं. फोन आला तो बुधवारी. आता ताईचा फोन बुधवारी येतो म्हणजे कुणीतरी गेलं असणार, हे धसकलेच. ताई म्हणाली, पान एकेचाळीस. एवढंच.  मग म्हणाली, "ती तुझी एकट्याची होती का?"

आणि फोन ठेवला.

रविवार आला, फोन नाही. दुसरा रविवार, नाही. तिसरा, नाही. लेखकराव सकाळपासून खिडक्या पुसून बसायचे, की विचारलं तर सांगता येईल. कोण विचारतंय?

मग ठरवलं, पत्र लिहावं. अहो, एकोणीस माणसांच्या वतीनं बायकांची, भावांची, भागीदारांची माफी मागितली होती या माणसानं, ती वाचून मोडलेली घरं सांधली होती म्हणे. स्वतःची माफी मागायला बसले आणि काय झालं? पहिला कागद, 'ताई, त्या परिस्थितीत हातात असलेला वेळ पाहता मला योग्य वाटला तो निर्णय मी घेतला.' हे हृदयाचे डॉक्टर! फाडला. दुसरा, 'ताई, हार मानायलाही छाती लागते.' फुटबॉल! तिसरा, 'ताई, नातं म्हणजे चूल, आच कमी-जास्त व्हायचीच.' हॉटेलवाल्या बाई! फाडला. चौथ्यात तर पाइप फुटून पाणी गळायला लागलं. टोपली भरली. एकोणीस अधिक एक, वीस माणसं त्या टोपलीत कोंबलेली, आणि आमचा एकविसावा माणूस खुर्चीवर, त्याला एक वाक्य सुचेना. आपला आवाज कसा होता हेच आठवेना हो.

शेवटी कागद ठेवले आणि बस पकडली. पाच तास. ताईनं दार उघडलं, बघितलं, आणि म्हणाली, "जेवलास का?" आता हे बहिणीचं वाक्य भांडणाचं की समेटाचं, आजवर कुणाला कळलंय? लेखकराव म्हणाले, नाही. ताट आलं. ताई समोर बसली. त्यांना बसमध्ये पाठ केलेलं एक अक्षर बोलता येईना, म्हणून जे झालं ते सांगितलं. त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता, ताई. फडक्यानं नुसता पाइप पुसत होता. मला वाटलं, आपल्याकडे आहे, आपण देऊ.

ताईनं वाटीत आमटी वाढली.

"बांगड्या कुणाच्या?" म्हणाली.

त्याच्या आईच्या, हे म्हणाले. म्हणजे, असतील बहुतेक.

मग ताई जे बोलली ते ऐका. म्हणाली, "तुला एक सांगितलं नव्हतं. तुला वाचता यायला लागलं, हे आईला कळलं होतं. तू डोकावलास तेव्हा तुझा श्वास थांबला, तो तिच्या मानेवर कळला तिला. त्या रात्री मला म्हणाली, धाकट्याला कळलंय, पण तो ऐकतोय अजून. ऐकतोय तोवर मी वाचणार. त्याला सांगू नकोस."

लेखकरावांचा घास तसाच हातात. पंचेचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण आईला सांभाळलं. कोण कुणाला सांभाळत होतं, कळतंय का तुम्हाला?

ताईनं आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, "हे तरी आता तुझ्या नावानं लिही. एकदा तरी."

आणि लिहिलं! तुम्हाला सांगतो, परत आले आणि टेप न लावता जेवले, आणि लिहिलं. दीड महिना लागला, वीस पानांना दीड महिना, कारण 'मी' लिहिलं की हात थांबायचा, कोण हा म्हणून. जहाज लिहिलं, निविदा लिहिली, ताईचा तोंडावरचा हात लिहिला, आईच्या मानेवरचा श्वास लिहिला. बांगड्या काढल्या. आणि वर, आयुष्यात पहिल्यांदा, ठळक अक्षरांत नाव घातलं. घातलं, आणि मधल्या माणसाकडे धाडलं.

चौथ्या दिवशी त्याचा फोन. घाईत असणारा माणूस, पण त्या दिवशी सावकाश बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. लेखकराव, म्हणाला, आपली इतक्या वर्षांची ओळख, म्हणून हे माझ्यापाशीच ठेवतो. पण असं करू नका. ती पाइपवाल्या साहेबांची आई लोकांना तोंडपाठ आहे. तिला उचलून, बांगड्या काढून आपल्या नावावर खपवायची, हे तुम्हाला शोभतं का? शेवटचा तो श्वासाचा तुकडा तुम्ही सुरेख रचलाय, त्यात वाद नाही. पण रचलेला कळतो हो. तुम्ही असं करा ना, स्वतःच्या आईवर लिहा. प्रत्येकाला असतेच की एखादी.

लेखकरावांनी तोंड उघडलं. सांगायला गेले, आणि लक्षात आलं की सांगायचं म्हटलं तर साहेबांची आई काढून घ्यावी लागते. मिटलं तोंड. बरोबर आहे तुमचं, म्हणाले.

रविवारी ताईचा फोन आला. जेवणाचं नाही, खिडक्यांचं नाही, एकदम तेच विचारलं, काय म्हणाले रे ते? आवडलं का?

लेखकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "आई फार आवडली, ताई. फक्त… ती माझी वाटत नाही म्हणाले."