तारेला मारलेली गाठ

लवू : काय गो सुलक्षणा, बोललो काय तुझो रेडिओ?

सुलक्षणा : नाही बाबा. काल शाळेत बोलत होता. सरांनी स्वतः कानाला लावून बघितला, सगळ्या मुलांना ऐकवला. घरी आणला, आज तारा जोडल्या आणि गप्प.

लवू : मग सेल घाल त्यात.

सुलक्षणा : सेल लागतच नाही. मालाडला आकाशवाणीचा मनोरा आहे ना, तिथून लहरी निघतात. गॅलरीतली ही लांब तार त्या पकडते. ही दुसरी नळाच्या पाइपातून जमिनीत जाते. मधे तुमच्या गिरणीतल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर ही तारेची गुंडाळी आणि हा एवढासा डायोड. लागणारी सगळी ताकद लहरींतूनच येते.

लवू : मोटार बंद झाली की साचो एक धागो पुढे सरकत नाय. वीस वर्षं साचेखात्यात कापड विणलंय मी. चालवणारो कोण नाय आणि यंत्र चालता, ह्या माका सांगू नको.

रत्नप्रभा : तिका कशाक बोलतास? अट तुम्हीच घातलास. सेलाशिवाय बोललो तर आठवीक टेक्निकल, नाय तर शिवणक्लास. नावं द्यायचो उद्या शेवटचो दिवस.

लवू : यंत्राच्या नादाक मी लागलंय, संप झालो, गिरणीक टाळा लागला, आणि आता घरात बसलंय. शिलाई मशीनीक कोण टाळा लावूचो नाय.

सुलक्षणा : मुलंही तेच म्हणतात. सुट्टीतल्या ह्या वर्कशॉपला मी एकटीच मुलगी. म्हणे लेथमध्ये वेणी अडकेल, जा भरतकाम कर. मी वेणी वर बांधली आणि कानशीने लोखंडी पट्टी अशी सपाट केली की सरांनी तीच सगळ्यांना दाखवली. जरा सरका ना, गुंडाळी उजेडात बघू दे.

रत्नप्रभा : ती सकाळी फळीवरून पडली हां. माझो झाडू लागलो.

सुलक्षणा : आई. तार तुटली?

लवू : तुटली होती. मी जोडून ठेवलंय.

सुलक्षणा : कुठे? मला तर दिसत नाही.

लवू : दिसता कामा नये. साच्यावर धागो तुटलो की चुटकीसरशी गाठ, कापडात शोधून सापडायची नाय. ओढून बघ. तार तुटात, गाठ सुटायची नाय.

रत्नप्रभा : अट घालणारे हेच, आणि चोरून गाठ मारणारे पण हेच.

सुलक्षणा : बाबा, इथेच अडलंय. ह्या तारेवर वॉर्निशचा पातळ थर असतो. धाग्याला नुसतं धरून ठेवलं की झालं. इथे तांब्याला तांबं टेकायला हवं. तुमची गाठ घट्ट आहे, पण आत वॉर्निशला वॉर्निश लागलंय.

लवू : म्हणजे माझ्यामुळे बंद.

सुलक्षणा : थांबा. गाठ कापते आणि दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासते. हे बघा, कसं चमकलं. आता मारा गाठ.

लवू : तशीच?

सुलक्षणा : तशीच. मला एवढी बारीक नाही जमणार. झाली? आता हा इअरफोन कानात धरा.

(लवू एका हाताने इअरफोन कानात धरतो आणि मान वाकडी करून ऐकतो. गाठ मारलेला हात अजून हवेतच आहे.)

रत्नप्रभा : काय ओ? काय झाला?

लवू : गप. बाई बोलता. समुद्राचा सांगता. आपल्या वेंगुर्ल्याक वारो सुटतलो म्हणता.

रत्नप्रभा : बघू माका. अगो बाय, ही तर कानातच बसलीहा.

लवू : सुलक्षणा, आपण आयकत नव्हतो तेव्हापण ह्यो आवाज येत होतो?

सुलक्षणा : येत होता. भिंतीतून, आपल्यातून, आरपार.

लवू : संपात मी ह्या खाटेवर पडान असायचंय, तेव्हापण?

सुलक्षणा : तेव्हापण.

लवू : आणि माका वाटायचा, घर अगदी गप्प झाला.

रत्नप्रभा : तिका पण आयकू द्या जरा. तिनेच केलोहा ना?

सुलक्षणा : असू दे गं, ऐकू दे त्यांना. बाबा, उद्या शाळेत ह्या गाठीवर कथील वितळवून डाग द्यायचा, म्हणजे सांधा पक्का. सर नक्की विचारतील, ही गाठ कोणी मारली म्हणून.

लवू : विचारू देत. मी येतलंय ना उद्या, तुझा नाव देऊक.