पोरगी पाहाले जाताना च्युइंगम

च्युइंगमनं टेन्शन जाते काय, मले विचारा! कळंबले पोरगी पाहाले गेलतो. टेन्शननं दारातूनच वापस फिरून राह्यलो होतो, म्हणून दोस्तानं तोंडात च्युइंगम कोंबलं. मी चावून राह्यलो अन् पोरीचा बाप माह्या तोंडाकडंच पाहून राह्यला. म्हटलं, यायले तंबाखूचा खर्रा वाटला, गेली सोयरीक!

तेवढ्यात त्यायनं मले मागच्या अंगणात नेलं. हळूच म्हणाले, "पुडी काढा ना राजेहो. बायकोनं माहा खर्रा सकाळीच लपवला, छाती धडधडून राह्यली."

म्यां च्युइंगम देल्लं. चावता चावता दोघायचीबी धडधड थांबली. परत आलो, तं पोरगी पोहे घेऊन उभी.

म्हणे, "बाबा, तुमचं पाहून झालं असंन, तं आता मलेबी पाहू द्या!"