कूलरचा पंखा

बालाघाटच्या बसस्टँडवर रचना उकव्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर सिनेमा पाहून आलेलं एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. रचनानं मोबाईल पर्समध्ये टाकला.

"एकदम फालतू पिक्चर! तो येडा घरातच मशीन बनवते, सैपाकघराचं छप्पर उडवते, अन् बायको खीखी हासते! अशी बायको कुठी असते का वं?"

"नसते."

"अन् शेवटी सारं गाव टाळ्या वाजवते म्हणे!"

"तुमी कूलरचा पंखा लावून धानातला भुसा उडवाची मशीन बनवली, तवा कोनं वाजवल्या?"

"ते आता काहून काढून राह्यली?"

"सारं धान शेजारच्या गजेंद्रच्या आंगनात गेलं. त्याच्या कोंबड्यायची दिवाळी झाली."

"मशीन बराबर होती. हवा जरा जास्त झाली."

"हौ. डोक्यात बी जास्तच होती."

"सारे हासले माह्यावर. अन् तू? तू बी एक टाळी नाही वाजवली."

"कशी वाजवू? गजेंद्रच्या आंगनातलं धान पाखडून राह्यली होती मी. दोन्ही हातात सूप होतं."